कांबळ

लावणीच्या दिवसांत गोव्यात, पेडण्यातल्या धारगळच्या शेतात एके काळी माणसाआधी कांबळ दिसे. डोक्यावर टोकदार खोळ, पाठीवर काळा भार, खाली चिखलात रुतलेल्या उघड्या पोटऱ्या. कांबळ लोकरीचे. उत्तरेकडच्या थंड समुद्रावरचे मच्छीमार लोकरीचे मोजे घालत. इथल्या चिखलात मोज्यांना विचारतो कोण? इथे लोकरीने पाय सोडले आणि डोके धरले.

कांबळ मूळचे गोव्याचे नव्हे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. त्यात मेंढीचे खूर कुजायचे. गोव्यातले धनगर म्हशी पाळतात ते उगाच नाही. कांबळ घाटावरचे, दख्खनी मेंढीच्या अंगावरून उतरलेले. स्वभावाने राठ. नवे असताना मानेला टोचते, भिजले की मेंढीचा वास सोडते, आणि रंग मेंढीचा असेल तोच.

त्याची जात कळते ती सुतात. कातरलेली लोकर पिंजायची, पेळू करायचे आणि चरख्यावर धनगरणीने सूत काढायचे. एका हाताने चाक फिरवायचे, दुसऱ्याने पेळू मागे ओढत न्यायचा. बोटांतून केस निसटू लागले की ओढ थांबवून पीळ चढू द्यायचा. पीळ कमी पडला तर सूत भुसभुशीत, ओढताच तुटणारे. जास्त झाला तर ते स्वतःभोवतीच वेटोळे घालते. ताण्याला चिंचोक्याची खळ लावून विणकर सनगर ते मागावर चढवतो. कोकराच्या पहिल्या कातरणीचे, जावळाचे सूत सर्वांत मऊ. पण ते चिखलात कोण नेणार? ते घरात पांघरायला.

पाण्याशी कांबळाचे भांडण नसते. केसावरचे खवले आणि उरलासुरला तेलकटपणा थेंबाला खाली घसरवतो. हवेतली ओल मात्र लोकर आत घेते, वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढी, तरी अंगाला ओली लागत नाही. ओल शोषताना उलट थोडी ऊब देते. वाकून तरवा लावणाऱ्याला आणखी काय हवे?

प्लास्टिक आले आणि कांबळाची सद्दी संपली. प्लास्टिकला नावे ठेवण्यात अर्थ नाही. ते हलके, स्वस्त, झटकले की कोरडे. कांबळ मुसळधारेत पुरते भिजले की खांद्याला जड होते आणि आषाढात वाळता वाळत नाही. भिजत घोंगडे म्हणजे काय, हे पेडण्यातल्या घरांना वेगळे सांगावे लागत नसे. पण प्लास्टिकखाली माणूस स्वतःच्याच घामाने भिजतो, तेही खरे.

धारगळला आता रुंद महामार्ग आहे, 2022 साली उद्घाटन झालेली आयुर्वेद संस्था आहे. शेतातून गेलेले कांबळ आता शहरांत घोंगडी या नावाने, पाठदुखीवर आणि शांत झोपेवर गुणकारी म्हणून विकले जाते. असेलही. मला मात्र गादीवर घडी घालून ठेवलेले कांबळ पेन्शनीत निघालेल्या हवालदारासारखे वाटते: अंगात जोर शाबूत, पण ड्युटी कुठे नाही.