गडग्यांचं बेट

माझा मुलगा आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात शिकतो. गेल्या जूनमध्ये मी महिनाभर त्याच्याकडे होते. शहर पाहून झालं, बाजार पाहून झाला. मग एकदा तो म्हणाला, "अम्मी, तुला आपल्या गावचे गडगे आठवतात ना? चल, तुला नुसत्या गडग्यांचं बेट दाखवतो."

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, गडगा म्हणजे चुना-सिमेंट न लावता, दगडावर दगड रचून घातलेलं कुंपण. आमच्या रत्नागिरीकडे वाडीला, परसाला, कबरस्तानाला गडगाच असतो. अब्बा गडगा घालण्यात वाकबगार होते. दोन वर्षांपूर्वी त्यांचा इंतकाल झाला. त्यांच्या जमिनीच्या हक्कसोडपत्राचा मसुदा भाईजानने दोह्याहून मला पाठवला होता आणि तो महिनाभर माझ्या पर्समध्ये घडी घालून पडला होता. जमिनीला मुंबईचं एक गिऱ्हाईक आलं होतं. बहिणींनी हक्क सोडला की विक्रीला अडचण नाही, असं भाईजानचं म्हणणं. मोठ्या बहिणीने होकार दिला होता. मीही देणारच होते.

गॉलवेहून बसने तासभर, रोसाविलच्या धक्क्यावरून पुढे बोट. अटलांटिकच्या लाटा म्हणजे काय ते पाऊण तासात कळलं. मी पूर्ण वेळ डोळे मिटून दरूद पढत बसले होते, मुलगा हसत होता. अरनची तीन बेटं आहेत. त्यातलं मधलं इनिश मान. पाच किलोमीटर लांब, तीन किलोमीटर रुंद. वस्ती दोनशेच्या आत. एक दुकान, एक पब, एक चर्च. बहुतेक पर्यटक मोठ्या बेटावर उतरतात, इथे आमच्याबरोबर सात-आठ जणच उतरले.

पहिला रस्ता चढून वर आलो आणि मी थांबलेच. डोळा पोचेल तिथवर राखाडी दगडाच्या भिंती. मध्ये रुमालाएवढी हिरवी शेतं. काही तर इतकी लहान की आमच्या घराच्या अंगणात दोन बसली असती. तिन्ही बेटांवर मिळून या भिंतींची लांबी सुमारे २,४०० किलोमीटर भरते. एवढ्या भिंती कशाला? चोरांसाठी नाहीत, इथे चोर येणार कुठून. बेट म्हणजे चुनखडीचा सपाट कातळ, त्यावर मोकळे दगड पसरलेले. शेत करायचं तर आधी दगड उचलायला हवेत. उचललेले ठेवायचे कुठे? कडेला रचायचे. भिंत म्हणजे आधी साफसफाई आणि मग कुंपण. दगडांच्या मधून आरपार उजेड दिसतो, म्हणजे वाराही आरपार जातो. भरीव भिंत इथल्या वाऱ्यापुढे टिकली नसती.

आम्ही दोन रात्री राहिलो ती बाई सत्तरीची. तिचं घर, आठ-दहा गुरं आणि अठरा शेतं. अठराही वेगवेगळ्या ठिकाणी, वाटण्यांत तुकडे झालेली. हे ऐकून मी मुलाकडे पाहिलं. आमचा सातबाराही असाच, एक तुकडा ओढ्याकाठी, एक सड्यावर, एक दुसऱ्याच वाडीत.

शेजारी भेटला की ती आयरिशमध्ये बोलायची, आमच्याशी इंग्रजीत. तिथला सलाम आहे "जीआ ग्वित", म्हणजे देव तुझ्यासोबत असो. उत्तर द्यायचं "जीआ इस मुर्रा ग्वित", देव आणि मरियम तुझ्यासोबत असोत. मिळालेल्या सलामापेक्षा चांगला सलाम परत द्यावा, हे कुरआनात आम्ही शिकलो. मी तिला सांगितलं की आमच्या कुरआनात मरियमच्या नावाची एक अख्खी सुरा आहे. तिला हे ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने ते दुकानात तीन जणांना सांगितलं, भाषा कळत नसली तरी "मुर्रा" आणि माझ्याकडे केलेला हात कळत होता.

सकाळी ती मला घेऊन शेतावर गेली. फाटक कुठे दिसेना. बेटावर झाडंच जवळपास नाहीत, मग फाटकाला लाकूड कुठून आणणार? भिंतीत एक जागा ठरलेली असते, तिथले दगड सैलसर रचतात. गुरं आत घ्यायची तर दगड काढायचे, गुरं आत गेली की पुन्हा रचायचे. सत्तरीच्या बाईने हे काम माझ्यासमोर दहा मिनिटांत केलं. मी मदतीला हात लावला, तर माझा दगड तिने मुकाट्याने काढून दुसरीकडे बसवला. अब्बाही हेच करायचे. प्रत्येक दगडाला त्याची जागा असते म्हणायचे आणि आमची मदत मोडून टाकायचे.

मग तिने बटाट्याचे वाफे दाखवले. त्या मातीबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे. ती माती मुळात तिथे नव्हतीच. शेकडो वर्षं इथल्या लोकांनी कातळाच्या भेगा दगडगोट्यांनी बुजवल्या, किनाऱ्यावरून वाळू आणली, समुद्री शेवाळ आणलं, थरावर थर घातले आणि माती केली. पाठीवर टोपलीतून किंवा गाढवावरून. तिची आजी ओलं शेवाळ पाठीवरून वाहायची, समुद्राचं पाणी मानेवरून आत ओघळायचं. मी वाफ्यात बोटं खुपसली. दुसऱ्या पेरापाशी कातळ लागला.

आमच्या सड्यावरचा तुकडा असाच आहे. कातळावर आजोबांनी आणि अब्बांनी ओढ्यातली माती टोपलीने नेऊन टाकली, पावसात वाहून जाऊ नये म्हणून खालच्या अंगाला गडगा घातला आणि त्यात नाचणी काढली. मी सात-आठ वर्षांची असताना लहान टोपली घेऊन त्यांच्या मागे जायची. खेळ म्हणून जायची, पण टोपल्या खऱ्या होत्या. पाण्याचंही तेच. इनिश मानला पाऊस भरपूर, पण चुनखडीच्या भेगांतून सगळा खाली निघून जातो, म्हणून गुरांसाठी शेताशेतात सिमेंटचे उतरते ओटे करून पावसाचं पाणी टाकीत धरतात. आमच्याकडे जूनमध्ये ढगफुटी आणि एप्रिलमध्ये टँकर.

डून कोनहूर नावाचा जुना दगडी कोट बेटाच्या माथ्यावर आहे. त्याच्या भिंतीवर चढून पाहिलं तर काही शेतं गर्द हिरवी, काही काटेरी झुडपांनी भरलेली. ती सोडलेली शेतं, बाईने बोट दाखवून सांगितलं. एक तिचंच होतं. गुडघे दुखायला लागले तेव्हा सर्वांत लांबचं शेत तिने सोडलं. दहा वर्षांत रानाने गिळलं, आता भिंतही दिसत नाही.

इथे येणारे लोक भारावून जातात. जॉन सिंज हा नाटककार १८९८ मध्ये इथे आला, पुढे बेटांवर पुस्तक लिहिलं. १९३४ च्या 'मॅन ऑफ अरन' या सिनेमासाठी तर बेटकऱ्यांना मोठ्या शार्कची शिकार नव्याने शिकवावी लागली, कारण ती प्रथा केव्हाच बंद पडली होती. पाहणाऱ्यांना जुनंपाना हवं असतं. मीही त्यातलीच. म्हणून मी बाईला म्हटलं, किती सुंदर जमीन आहे तुमची. ती म्हणाली, "ही जमीन नाही, हे काम आहे."

रात्री चहा घेताना (रात्री म्हणजे घड्याळाप्रमाणे, कारण दहा वाजेपर्यंत सूर्य मावळत नाही आणि माझ्या मगरिब-इशाचं गणित पार कोलमडलं होतं) मी तिला विचारलं, शेतं तुमच्याकडे कशी आली? तिकडे पूर्वी जमीन एका मुलाला जायची. मुलींना हुंडा, नाहीतर अमेरिकेच्या बोटीचं तिकीट. तिचे दोन्ही भाऊ बोस्टनला गेले. बापाचं तिने केलं, गुरांचंही तिनेच केलं, तरी कागदावर मोठ्या भावाचंच नाव होतं. भाऊ वारल्यावर भावजयीने ते बदललं. बावीस वर्षं ती दुसऱ्याच्या भिंती रचत होती. हे ती तक्रारीच्या सुरात बोलली नाही. पण "बावीस" हा आकडा तिने दोनदा सांगितला.

मी पर्समधला कागद काढला नाही, नुसती चाचपून पाहिली. शरियतने मुलीला मुलाच्या निम्मा का होईना, वाटा ठरवून दिलाय. तो फर्ज आहे, मेहरबानी नाही, हे मी मोहल्ल्यातल्या बायकांना तफसीरच्या वर्गात सांगत आले आहे. आणि स्वतःवर आलं तेव्हा? हक्क सोडला की माहेर शाबूत राहतं, हा हिशेब मीही मनात केलाच होता. भाईजान वाईट नाही. माझ्या बाळंतपणात त्याने पैसे पाठवलेत. म्हणून तर बोलणं अवघड.

निघायच्या दिवशी संध्याकाळी साडेसातला धक्क्यावर बोटीची वाट पाहत मी त्याला फोन लावला. म्हटलं, "भाईजान, जमीन विकायला माझी ना नाही. मी नाचणी लावायला सड्यावर जाणार नाही, तूही नाही. पण हक्कसोडपत्रावर मी सही करणार नाही. आधी सातबाऱ्यावर आम्हा बहिणींची नावं चढव, मग विक्रीच्या कागदावर तुझ्या शेजारी सही करते."

बराच वेळ तो काही बोलला नाही. मला वाटलं, लाइन तुटली.

मग म्हणाला, "तुला कोणी काही शिकवलं का?"

"नाही."

"सड्यावरचा तुकडाही?"

"तोही. टोपल्या मीही वाहिल्यात."

पुन्हा शांतता. मग त्याने विचारलं, "तिकडे रात्र झाली असेल ना? बाहेर कशी तू?"

"नाही रे," मी म्हटलं, "अजून लख्ख ऊन आहे."