तेल लिटरचं की किलोचं?

मैत्रिणींनो, तेलाचा डबा घेताना तुम्ही नुसती किंमत विचारता, की डब्यावरचा आकडाही वाचता? विचारायचं कारण म्हणजे आमच्या धाकट्या जाऊबाई. गेल्या दिवाळीला त्या मोठ्या उत्साहाने डबा घेऊन आल्या. "वहिनी, तुमच्यापेक्षा दीडशे रुपये स्वस्त पडला!" त्यांच्या डब्यावर लिहिलं होतं १५ लिटर, माझ्या डब्यावर १५ किलो. लांबून पाहिलं तर दोन्ही डबे सारखेच!

आता गंमत पाहा. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. तेल मात्र पाण्याहून हलकं. म्हणून तर कढईत पाण्याचा थेंब पडला की तो तेलाखाली जाऊन तडतडतो. लिटरभर तेल वजनाला साधारण ९१० ग्रॅमच भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल असतं १३ किलो ६५० ग्रॅमच्या आसपास. समजा, तो डबा २,१०० रुपयांना आहे आणि १५ किलोचा २,२५०ला. पहिला किलोला जवळजवळ १५४ रुपये पडतो, दुसरा १५०. मग स्वस्त कोणता, तुम्हीच सांगा! दुकानदार खोटं बोलत नाही हो, पण आपण विचारल्याशिवाय सांगतही नाही.

आपल्या सासवांना हा घोळ नवा नव्हता. वजनाचा शेर वेगळा, मापाचा शेर वेगळा, हे त्यांना तोंडपाठ असे. १९५८ पासून किलोची वजनं येऊ लागली, आणि आपण मात्र किलो-लिटर भाऊ-भाऊ मानून मोकळ्या झालो.

त्यात तेल तापलं की फुगतं, म्हणजे मापाला तेवढंच दिसतं पण वजनात घटतं. लिटरभर सोयाबीन तेल २१ अंशांना ९१९ ग्रॅम, तर ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. काही उत्पादक पिशवीवर असं चढं तापमान छापत. तेव्हा २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने सांगितलं, की तापमान छापू नका, मापाबरोबर खरं वजन छापा. त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली होती. तेव्हा पिशवीवर ग्रॅमचा आकडा शोधा आणि भावाची तुलना त्याच्यावरच करा. घरी काटा असेल तर एखादी पिशवी ठेवूनही बघा, प्लॅस्टिकचे चार-सहा ग्रॅम सोडून द्यायचे.

लोणच्याच्या कृतीत 'पाव किलो तेल' म्हटलं असेल, तर मापाने पाऊण वाटी वगैरे अंदाज नको, सुमारे २७५ मिलिलिटर घ्या. दुधाचं उलट, ते लिटरला १,०३० ग्रॅमच्या आसपास, पाण्याहून किंचित जड. आणि मध तर भलताच जड, लिटरला जवळजवळ १,४०० ग्रॅम. किलोभर मध आणलात तर पाऊण लिटरची बरणी पुरते, मोठी धुऊन वाळवत बसू नका.