तापट न्यूट्रोफिलबाई

वैशाखात खांडसहून भीमाशंकरची वाट धरली आणि पिकल्या करवंदांच्या मोहाने जाळीत हात घातला, की काटा बोटात मोडलाच म्हणून समजा. काही तासांत बोट लाल होतं, गरम लागतं, ठणकायला लागतं. त्याचा दोष करवंदीला देऊ नका. त्यात मोठा हात न्यूट्रोफिलबाईंचा. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत निम्म्याहून जास्त भरणा यांचाच.

दिसायला ऐटबाज. खोपोलीतल्या एखाद्या लॅबमध्ये रंगवलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहा: केंद्रकाच्या तीन ते पाच जांभळ्या पाळ्या, बारीक दोऱ्यांनी जोडलेल्या. आयुष्य फार तर काही दिवसांचं, पण रुबाब असा की सगळं शरीर यांच्याच भरवशावर चाललंय.

आणि तापट किती! काट्याबरोबर आत आलेला जंतू समोर दिसला की तो गिळायचाच. तेवढ्यावर भागत नाही. बाई भसाभस ऑक्सिजन ओढतात, त्याच्यावर इलेक्ट्रॉन लादून सुपरऑक्साइड करतात, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पुढे हायपोक्लोरस आम्ल. शाळेत शिकलेली इलेक्ट्रॉनची देवघेव, म्हणजे रेडॉक्स, ती इथे जीव घेण्याच्या कामाला लागते. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन टाकल्यावर जंतू मरतात ते याच आम्लाने. ते बनवणारं विकर हिरव्या रंगाचं. पुवाची हिरवट झाक त्याचीच.

एवढा जाळ अंगात बाळगायचा तर स्वतःला जपावं लागतं. बाई त्यात पक्क्या संसारी. रक्तद्रवापेक्षा 50 पटींहून जास्त क जीवनसत्त्व त्या स्वतःत साठवून ठेवतात, सोबतीला ग्लुटाथायोन. जंतू जळावा, घर जळू नये, एवढ्यासाठी. अँटिऑक्सिडंटचं खरं काम हे.

म्हणून जाळ म्हणजे वाईटच, ही हल्लीची समजूत मला पटत नाही. काही मुलांत जन्मतःच हा जाळ पेटत नाही; त्या आजाराला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज म्हणतात. बाई धावून येतात, जंतू गिळतात, पण काही जीवाणू आणि बुरशी यांच्या पोटात जिवंतच राहतात. त्याहून नवल म्हणजे अशा मुलांत सूज कमी नाही, उलट जास्त होते, गाठी धरतात. कारण ‘आता पुरे’ हा निरोपही याच जाळातून जातो. हे कळलं तेव्हा या तापट बाईंबद्दलचा माझा आदर दुणावला.

परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था आहे. तिथे या आजाराचं निदान होतं. त्याची एक जुनी चाचणी अगदी साधी: रक्ताच्या थेंबाला पिवळा रंग द्यायचा. बाई पेटल्या तर तो गडद निळा होतो. नाही पेटल्या तर पिवळाच राहतो.

तेव्हा नेरळ-कर्जतच्या स्टेशनाबाहेर ठाकर-कातकरी बायका पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसतात, ती जरूर घ्या. क जीवनसत्त्वासाठी आवळा, पेरूही खा. अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने मूठमूठ घेऊ नका. आणि घरातल्या लेकराला वरचेवर गळवं होत असतील, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा उलटत असेल, तर डॉक्टरांना या चाचणीबद्दल नक्की विचारा.