मांडूला तलावाकाठी मासे

देवासहून मुंबईचा समुद्र सहाशे किलोमीटरच्या आसपास. पवारांच्या काळापासून धार-देवासला आलेली आपली बरीच घरं देशावरची, म्हणजे तिकडेही समुद्र शेजारी नव्हताच. तरी पाहुणे आले की “इथे चांगले मासे कुठे मिळतात?” हा प्रश्न निघतोच. बर्फातून आलेली सुरमई इंदूरला मिळते. पण पाण्याकाठी बसून इथल्याच पाण्यातला मासा खायचा असेल, तर मी मांडूचं नाव सांगतो.

धारहून मांडू ३५ किलोमीटर, देवासहून इंदूरमार्गे सुमारे १३०. शनिवारी सकाळी निघालात तर दुपारपर्यंत जहाज महाल निवांत बघून होतो. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्यामध्ये ही सुमारे १२० मीटर लांबीची इमारत उभी आहे. पावसानंतर तलाव भरले की गच्चीवर उभं राहून खरोखर जहाजाच्या डेकवर असल्यासारखं वाटतं. ती बांधल्याचं श्रेय बहुधा सुलतान गियासुद्दीन खिलजीला दिलं जातं. हा माणूस खाण्याचा मोठा शौकीन. त्याच्या दरबारात ‘निमतनामा’ नावाचं सचित्र पाककृतींचं पुस्तक तयार झालं. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात समोसेसुद्धा आहेत. मुलांना हे सांगा, महाल लगेच आवडतो!

गच्चीवर जेवायला मिळत नाही. त्यासाठी सागर तलावाच्या बाजूला या. संध्याकाळी काठावरच्या उघड्या ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर पाणी, पाणकोंबड्या आणि मावळतीचा उजेड. थाट काही नाही. आम्ही रोहू मागवला. हळद, तिखट, लिंबू लावून बेसनात घोळवलेले तुकडे आणि सोबत लसणीचा लाल रस्सा. रश्शात खोबरं नाही, कोकम नाही. माझे सासरे मालवणचे. “गोड्या पाण्याचा मासा म्हणजे मासाच नव्हे,” असं म्हणत ते बसले आणि सोलकढीची चौकशी करून ताकावर आले. रस्सा मात्र त्यांनी दोनदा मागितला, तोही मक्याच्या रोटीबरोबर. रोहूला बारीक काटे फार, त्यामुळे लहान मुलांना आपण निवडून द्यावा. शाकाहारी मंडळींसाठी दाल-पानिये आहेत. मक्याच्या पिठाचे हे पानगे पानांत ठेवून गोवऱ्यांवर भाजतात.

आता कधी जायचं, ते. मांडूचं खरं रूप पावसाळ्यात, आणि नेमकी त्याच वेळी, १६ जून ते १५ ऑगस्ट, मध्य प्रदेशात नद्या-जलाशयांतल्या मासेमारीला बंदी असते. तो माशांचा अंडी घालण्याचा काळ. आपल्या माळव्यातल्या मराठी घरांची यात एक गंमत आहे. शेजाऱ्यांचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, आपला श्रावण त्यानंतर पंधरा दिवसांनी. म्हणजे शेजारी उपास करत असतात तेव्हा आपली गटारी! ती बहुतेक वर्षी बंदीतच येते. त्या दिवशी नदीचा मासा खाल्ला तर पुढच्या वर्षीचे मासेच खाल्ल्यासारखं होतं. म्हणून आमच्याकडे हल्ली गटारीला कोंबडी असते. मांडूला भर पावसात जाऊन पाणी बघावं, दाल-पानिये खावेत. माशांसाठी श्रावण संपल्यावर पुन्हा जावं.

दुसऱ्या दिवशी रूपमती मंडपावर नक्की जा. हवा स्वच्छ असेल तर खाली निमाडात नर्मदेची रेघ दिसते. मध्य प्रदेशाचा राज्यमासा महाशीर या नदीतला. २०११ मध्ये त्याला हा मान मिळाला. त्याला वाहतं, स्वच्छ पाणी आणि खडकाळ तळ लागतो. धरणांमुळे नर्मदेचे लांबच लांब पट्टे संथ जलाशय झाले आणि महाशीर दुर्मीळ झाला. कुठल्या मेन्यूत तो दिसलाच तर मागवू नका. रोहू-कटला तळ्यांत पाळता येतात, त्यांनी पोट भरतं.

जाताना गाडीत दोन लिंबं आणि मुलांसाठी स्वेटर ठेवा. सूर्य गेला की तलावाकाठी गारठा पडतो, आणि जेवण यायला तास लागतो.