सूत आणि रूळ

सुतार हा शब्द 'सूत्रधार'वरून आला, असे भाषेचे जाणकार सांगतात. हातात सूत धरतो तो सुतार. काव किंवा काजळ लावलेली दोरी ओंडक्यावर ताणायची, चिमटीत उचलून सोडायची, की रेघ उमटली. मापाचे नावही तेच. इंचाचे सूत आठ. मीटर आले, मिलीमीटर आले, पण मीरा रोडच्या कोणत्याही इमारतीत काम चालू असेल तिथे जा, "दोन सूत कमी पडतंय" हे वाक्य कानावर येईलच. रेघ सरळ मारायची ही फार जुनी विद्या. त्या रेघेवरून करवत सरळ न्यायची ही दुसरी विद्या, आणि आमच्या धंद्यात माणसांची बोटे गेली ती या दुसरीपायी.

आम्ही दोघे भाऊ सुतारकाम करतो. भाईंदर पूर्वेला एक लहानसा गाळा आहे, पण खरे काम लोकांच्या घरांत. 1992-93च्या दंगलींनंतर मुंबईतून जी कुटुंबे मीरा रोडच्या नयानगरात आली, त्यांत आमचे अब्बाही होते. इथल्या खोल्या लहान. तयार कपाट आणले तर दार उघडायला जागा उरत नाही. म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत कपाट, पलंगाच्या पोटात पेट्या, मोरीवर माळा, असे सगळे जागेवर बसून करावे लागते. 2011च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या 8,09,378 भरली. एवढ्या लोकांना कपडे ठेवायला जागा नको का, असे अब्बा म्हणायचे. आमची चूल त्याच हिशेबावर पेटत आली आहे.

आमच्याकडचा कारागीर प्लाय कापतो तो बहुधा मार्बल कटरने. नावाप्रमाणे हे यंत्र फरशी कापायचे. स्वस्त, हलके, पिशवीत मावणारे. त्याला दातेरी ब्लेड लावले की ते लाकूडही कापते. पण त्याचे फेरे मिनिटाला बारा हजारांच्या घरात, आणि लाकडासाठी केलेल्या हातकरवतीच्या यंत्राचे साधारण पाच हजार. फरशीच्या चकतीला दाते नसतात, म्हणून ती लाकडाच्या ब्लेडसारखी अडकून मागे उसळत नाही. तिच्यासाठी बनवलेल्या यंत्रात दातेरी ब्लेड फिरते, तेव्हा खालची बाजू उघडीच असते. त्याहून वाईट म्हणजे कित्येक जण कटर प्लायच्या तुकड्याखाली उलटा बसवतात आणि त्याचेच टेबल करतात. अब्बांच्या डाव्या हाताची तर्जनी अर्धी होती ती अशाच एका टेबलामुळे. त्या अर्ध्या बोटानेच ते आम्हाला रेघ दाखवत.

आमच्यातला थोरला सात वर्षे शारजात होता. तिथल्या कारखान्यात त्याने रुळावर चालणारी करवत पहिल्यांदा हाताळली आणि 2014 साली परतताना ती घेऊनच आला. ही कल्पना मूळ जर्मनीतली. गॉटलिब स्टोल आणि अल्बर्ट फेझर या दोघांनी 1925 साली कंपनी काढली, दोघांच्या आडनावांचे तुकडे जोडून तिचे नाव फेस्टो ठेवले. या कंपनीने 1960च्या दशकात करवतीला ॲल्युमिनियमचा रूळ दिला. हत्यारांचा विभाग 2000 साली वेगळा होऊन फेस्टूल झाला. आता मकिता, बॉश, डिवॉल्ट सगळ्यांचीच अशी यंत्रे निघतात. थोरल्याने आणली ती मकिताची, 165 मिलीमीटर ब्लेडची.

तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. रुळाच्या पाठीवर एक उंचवटा, यंत्राच्या तळाला त्याच मापाची खाच. त्यामुळे करवत डावीउजवीकडे हलू शकत नाही. रुळाच्या कडेला रबरासारखी पट्टी असते. नवा रूळ आला की पहिल्याच फेरीत यंत्र त्या पट्टीची जादा कड स्वतः कापून टाकते. त्यानंतर पट्टीची कड म्हणजेच पात्याची रेघ. खुणेवर पट्टी टेकवा आणि कापा, मध्ये कसलेही गणित नाही. आणि तीच पट्टी सनमाइका दाबून धरते, म्हणून कपचे उडत नाहीत. कड फारच नाजूक असेल तर आधी दोन-तीन मिलीमीटर खोल एक फेरी मारायची, मग पूर्ण काप घ्यायचा.

धाकट्याचे म्हणणे वेगळे होते, आणि आजही आहे. तो म्हणतो, यातले निम्मे काम रद्दी प्लायमध्ये होते. सहा मिलीमीटरची आठ फुटी पट्टी घ्या, तिच्यावर सरळ कडेची दुसरी अरुंद पट्टी चिकटवा, साध्या गोल करवतीचा तळ त्या कडेला लावून एकदा चालवा. खालची पट्टी पात्याच्या रेघेवर कापली जाते. झाला रूळ! त्याचे हे म्हणणे खोटे नाही. नुसती ॲल्युमिनियमची पट्टी क्लॅम्पने बांधून कापणारे दर वेळी तळाची कड ते पाते हे अंतर वजा करत बसतात, आणि संध्याकाळी थकल्यावर नेमकी तिथेच चूक होते. या घरगुती फळीने ती कटकट जाते. खर्च शून्य. ज्याच्याकडे साधी गोल करवत आहे त्याने ही फळी आजच करावी, असे आम्ही दोघेही सांगतो. तिचे वैरी दोन. पहिला पाऊस. जुलैत ती बाक धरते आणि बाकदार फळीवरून बाकदारच काप येतो. दुसरा वैरी म्हणजे करवत फळीच्या कडेला नुसती टेकलेली असते, धरलेली नसते. हात जरा चुकला की ती बाहेर सरकते.

रुळाचेही हाल काही कमी नाहीत. प्लायची शीट आठ फूट बाय चार फूट, म्हणजे 2440 मिलीमीटर लांब. तीन मीटरचा अखंड रूळ सर्वांत चांगला, पण तो आमच्या लिफ्टमध्ये उभा राहत नाही, जिन्याच्या वळणावर अडकतो आणि लोकलच्या डब्यात तर बोलायलाच नको. म्हणून 1.4 मीटरचे दोन जोडावे लागतात. जोड किंचित वाकडा बसला तर आठ फुटांवर फट दिसते. आम्ही प्रत्येक नव्या घरात आधी रुळाच्या कडेने शीटवर पेन्सिलची रेघ मारतो, रूळ फिरवून तीच कड दुसऱ्या बाजूने त्या रेघेला लावतो आणि पुन्हा मारतो. दोन रेघांत फट पडली नाही तर जोड बरोबर. आणखी एक सांगायला हवे. रूळ सगळ्यांचे सारखे नसतात. फेस्टूल आणि मकिताचे एकमेकांना चालतात. बॉशचा आणि डिवॉल्टचा घाट निराळा. स्वस्तात मिळतो म्हणून भलताच रूळ घेणाऱ्याला तो भिंतीला टेकवून ठेवावा लागतो.

भिंतीवरून आठवले. मीरा रोडची भिंत ओळंब्यात सापडली तर आम्ही आनंदाने चहा पितो. खाली बावीस इंच, वर बावीस इंच तीन सूत, हे नेहमीचेच. अशा वेळी तिरकस काप लागतो. तो दुकानातल्या मोठ्या मशीनवर कापून आणलेल्या मालातून मिळत नाही, कारण माप भिंतीजवळ बसूनच घ्यावे लागते. दोन टोकांना दोन खुणा, त्यांवर रूळ, काप पुरा. खाली फ्रिजच्या खोक्यातले थर्माकोल अंथरले की शीट दोन्हीकडे टेकलेली राहते आणि शेवटी तुकडा खचून पाते आवळत नाही. हे काम रुळाइतके सोपे दुसऱ्या कशाने होत नाही, एवढे धाकटाही मान्य करतो.

मग भुसा. लाकडाची धूळ माणसात कर्करोग करते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1995 साली नोंदवले आहे. कटरचा भुसा सरळ तोंडावर येतो. रुळाच्या करवतीचे पाते वरून झाकलेले असते, तिला व्हॅक्यूमची नळी लागते आणि बराचसा भुसा पिशवीत जातो. ज्या घरात माणसे राहताहेत, पलीकडच्या खोलीत कुणाची दम्याची आजी झोपली आहे, तिथे हा फरक घरमालकालाही कळतो.

किंमत मात्र कटरच्या दहापट आणि वर. त्यामुळे दुसरे यंत्र घ्यायचे की नाही, यावर आमचे दोन वर्षे एकमत होत नव्हते. तेवढ्यात आपाने तिचा मुलगा आमच्या हाताखाली दिला. दहावी झालेला, हात चांगला. आपाने त्याचे दोन्ही पंजे आमच्यापुढे धरले. "दहा आहेत. मोजून देतेय, मोजून परत घेईन." ती अब्बांचीच मुलगी. तिला जास्त काही सांगायची गरज नव्हती, आणि आम्हालाही नव्हती.

आम्ही त्याला दोन्ही यंत्रे दाखवली, बंद करून, प्लग काढून. रुळाच्या करवतीचे पाते घरात असते. खटका दाबून यंत्र खाली ढकलले तरच ते बाहेर येते, आणि हात सैल सोडला की स्प्रिंग त्याला परत आत ओढते. कापून झाल्यावर जमिनीवर ठेवले तरी फिरते पाते कुठे लागत नाही. "मामू, मग कटर ठेवताच कशाला?" त्याने विचारले. फरशीच्या खाचेसाठी, असे थोरला म्हणाला. धाकटा गप्प बसला.

दुसरे यंत्र अजून घेतलेले नाही. एका वेळी दोन घरांत काम निघते, करवत मात्र एकच. तेव्हा ठरले ते असे. भाचा ज्या घरी जाईल त्या घरी रूळ जाणार. दुसऱ्या घरी जो भाऊ असेल त्याने साधी करवत आणि घरगुती फळी घ्यायची, पावसाळ्यात दर सोमवारी तिची कड तपासायची आणि बाक दिसला तर नवी करायची. या महिन्यात तीन झाल्या.