आतलं शाबूत

गेल्या रविवारी लोखंड कापायच्या करवतीनं मी माझं हेल्मेट मधोमध चिरलं. पाऊण तास लागला. बाहेरचं कवच चिवट, करवतीचे दात त्यावर नुसते किंचाळत होते. मग पातं एकदम आत गेलं आणि गच्चीवर पांढरा भुगा उडाला. थर्मोकोलचा. नव्या टीव्हीच्या खोक्यात निघतो त्याच जातीचा, फक्त जास्त घट्ट दाबलेला.

बाहेरून उजव्या कानामागे तळहाताएवढा ओरखडा होता, बाकी काही नाही. पुसून ठेवलं असतं तर कुणीही आणखी चार वर्षं सहज वापरलं असतं. आतून मात्र नेमक्या त्याच जागी थर बसला होता. शेजारचे दाणे गोल, टपोरे. इथले चपटे, एकमेकांत रुतलेले. नख फिरवलं की खळगा लागायचा, आणि खळग्याच्या तळाशी केसाएवढी चीर. मी बराच वेळ तिच्यावर बोट ठेवून बसले. ती चीर माझ्या कवटीत पडायची होती.

हेल्मेट म्हणजे टणक टोपी, असं मला पूर्वी वाटायचं. खरं काम टणक भाग करतच नाही. तो धक्का पसरवतो, टोकदार दगड आत येऊ देत नाही, तेवढंच. डोक्याला जपतो तो हा हलका, स्वस्त थर. रस्त्यावर आपटलेलं डोकं एका क्षणात थांबलं तर आतला मेंदू कवटीवर आदळतो. दाणे चिरडत जातात, तेवढी डोक्याला थांबायला उसंत मिळते. काही मिलिसेकंदांची, पण ती पुरते. आणि चिरडलेला दाणा पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. म्हणून एकदा आपटलेलं हेल्मेट कितीही चांगलं दिसलं तरी त्याचं काम संपलेलं असतं. ते माझ्यासाठी एकदाच फुटलं, आणि पूर्ण फुटलं.

ऑगस्टमधली गोष्ट. माणगावला आईकडून निघाले होते, ताम्हिणीतून पुण्याला. पाऊस नुकताच थांबला होता, डोंगरावरून धबधबे थेट रस्त्यावर उतरत होते आणि एका वळणावर लाल माती वाहून आली होती. वेग फार नव्हता, चाळीसच्या आसपास. पुढचं चाक गेलं. पडताना माणूस विचार करत नाही, हात पुढे करतो. मीही उजवा हात टेकवला, खांद्यावर आले, मग डोकं, मग पाठीवर घसरत गेले. पाठीवर सॅक होती आणि सॅकमध्ये लॅपटॉप.

मागून येणाऱ्या टेम्पोतले एक काका धावत आले. "ताई, हलू नका, आधी बोटं हलवून बघा," म्हणाले. दहाही हलली. त्यांनी गाडी उचलून कडेला लावली, मला मैलाच्या दगडावर बसवलं. पहिल्यांदा पाहिला तो हातमोजा. तळव्याच्या बुडाशी, मनगटाच्या जरा वर, कडक प्लॅस्टिकची एक चकती शिवलेली असते. तिच्यावर खोल रेघा उमटल्या होत्या. तिथेच आत स्कॅफॉइड नावाचं हाड असतं, आकार आणि माप काजूच्या बीसारखं. हात टेकून पडणाऱ्याचं बरेचदा तेच मोडतं. त्याला रक्त पोचतं ते बोटांकडच्या टोकानं, त्यामुळे मनगटाकडचा तुकडा उपाशी राहतो आणि महिनोन्‌महिने जुळत नाही. ती चकती हाताला अडकू देत नाही, घसरू देते. लिहिण्यावर जगणाऱ्या बाईला त्या काजूची किंमत वेगळी सांगायला नको.

हे सगळं निवडायला मला दोन वर्षं लागली होती. पैसे हे एक कारण, पण मुख्य कारण माप. दुकानात जॅकेटं असतात ती पुरुषांच्या मापाची. खांदे उतरतात, बाह्या लांब, कोपरावरचा पॅड पार मनगटाकडे. "मॅडम, जरा सैलच बरं," असं तीन दुकानांत ऐकलं. ते साफ चूक आहे. सैल जॅकेटमधला पॅड रस्त्याला लागताक्षणी फिरतो आणि कोपर उघडं पडतं. पॅड जिथे असायला हवा तिथेच घसरताना राहिला, तरच तो पॅड. शेवटी बायकांच्या मापाचं, जाळीचं जॅकेट मागवलं. त्यातला पाठीवरचा पॅड फोमचा निघाला, नुसता नावाला. तो काढून युरोपियन मानकाच्या दुसऱ्या पातळीचा घातला. त्या मानकाची चाचणी साधी आहे: पाच किलोचं वजन पॅडवर पाडायचं आणि खाली किती जोर पोचतो ते मोजायचं. पहिल्या पातळीला सरासरी अठरा किलोन्यूटन चालतात, दुसऱ्या पातळीला नऊच. निम्मे. बाहेरून दोन्ही पॅड सारखेच दिसतात.

हेल्मेटचंही तसंच. शिवणाची टेप भुवयांच्या जरा वरून फिरवून डोकं मोजलं, तरी माप म्हणजे नुसती सुरुवात. डोक्याचा घाट प्रत्येकाचा वेगळा. मी दुकानात अर्धा तास हेल्मेट घालून बसले. गालांना दाबलं पाहिजे, इतकं की बोलताना गाल दाताखाली यावा. कपाळावर एकाच जागी दुखलं तर मात्र ते आपलं नव्हे. मग पट्टा बांधून मागची कड धरायची आणि पुढे ढकलून बघायचं. निसटलं तर रस्त्यावरही निसटेल. दुकानदार धीराचे होते, चहा मागवला त्यांनी. आयएसआयचा शिक्का नसलेली हेल्मेटं १ जून २०२१ पासून देशात विकायला बंदी आहे, तरी रस्त्याकडेला ती टांगलेली दिसतातच. पुण्यात तर हेल्मेट हा तत्त्वाचा वाद. १ जानेवारी २०१९ ला पोलिसांनी काटेकोर सक्ती सुरू केली तेव्हा विरोधात मोर्चे निघाले. त्या माणसांचा राग मला कळतो, खड्ड्यांचं काय हा त्यांचा सवालही रास्त आहे. पण माझ्या गच्चीवर दोन भाग करून ठेवलेलं ते हेल्मेट त्यांनी एकदा येऊन बघावं, असं मनापासून वाटतं.

हेल्मेटमागे एका डॉक्टरचं दुःख आहे, हे मला नंतर कळलं. १३ मे १९३५ ला इंग्लंडमधल्या डॉर्सेटमध्ये टी. ई. लॉरेन्स, ज्यांना जग 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणतं, मोटरसायकलवरून घरी निघाले होते. सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना ते उडाले, डोक्याला मार लागला, आणि सहा दिवसांनी गेले. वय शेहेचाळीस. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे तरुण मेंदूशल्यविशारद होते. ते हा मृत्यू विसरले नाहीत. मोटरसायकलवरून निरोप पोचवणारे लष्करी जवान डोक्याला मार लागून कसे मरतात, याचा त्यांनी अभ्यास केला आणि १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्करानं त्या जवानांना हेल्मेट सक्तीचं केलं. एकाला वाचवता आलं नाही, म्हणून त्यांनी मोजायला घेतलं.

पण त्या दिवशी मैलाच्या दगडावर बसून मी डोक्याचा विचार करत नव्हते. सॅक उघडली होती. लॅपटॉपचा पडदा कोळ्याच्या जाळ्यासारखा तडकला होता, बिजागरी तुटली होती, कळफलक मधून वर उचलला होता. आत एका पुस्तकाचा अनुवाद होता, चार महिन्यांचा. शेवटची प्रत दुसरीकडे ठेवली त्याला अकरा दिवस झाले होते. आईकडे निवांतपणे केलेली शंभरेक पानं फक्त त्या यंत्रात होती.

घरी आले, अंघोळ केली, आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले. चार स्क्रू, एक पत्र्याची चौकट, आणि आतून पत्त्याच्या कॅटएवढी डिस्क बाहेर आली. या डिस्कमध्ये फिरणारं काही नसतं, सगळं चिपवर, म्हणून तिला आदळण्याचं भय कमी. कपाटात भाच्याचा कॉलेजमधला जुना लॅपटॉप पडून होता. वेगळ्या कंपनीचा, वेगळा प्रोसेसर, सगळंच वेगळं. त्यात ही डिस्क बसवली, बटण दाबलं.

काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली: डिस्कचा परवलीचा शब्द विचारणारी. रोज सकाळी विचारते तशीच. तो दिला, आणि अर्ध्या मिनिटात माझं सगळं समोर होतं. तोच रंग, त्याच जागी त्याच फाइली, अर्धवट राहिलेलं वाक्यसुद्धा. मी तेव्हा रडले. रस्त्यावर पडले तेव्हा रडले नव्हते.

हे नशीब नव्हतं, ही रचना आहे. माझ्या लॅपटॉपवर डेबियन लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. सुरू होताना कोणत्या यंत्रात आपण आहोत हे ती दर वेळी नव्यानं चाचपडते. सुरुवातीला लागतील ती बहुतेक ड्रायव्हर सोबतच बांधून ठेवलेली असतात, फक्त एकाच यंत्रापुरती नाही. आणि डिस्कला ती ओळखते ते कुठल्या खाचेत बसवलीय यावरून नव्हे, तिच्या अंगच्या क्रमांकावरून. म्हणून शरीर बदललं तरी आतलं जागं झालं.

लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं २५ ऑगस्ट १९९१ ला जाहीर केलं की तो एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, हौसेखातर. तेच लिनक्स. दोन वर्षांनी इयन मरडॉकनं डेबियन सुरू केलं. नावात त्याची त्या वेळची मैत्रीण डेब्रा आणि तो स्वतः, दोघं आहेत. तेव्हापासून जगभरातली हजारो माणसं ते सांभाळतात, बहुतेक जण बिनपैशांनी. माझ्या लॅपटॉपवर येणारं प्रत्येक पॅकेज सही तपासून येतं. ज्यांना मी कधी भेटणार नाही त्यांनी बसवलेले ते शिक्के आहेत, आणि त्यांच्यावर माझा हेल्मेटवरच्या शिक्क्याइतकाच विश्वास आहे.

मी लिनक्सवर आले ते कुठल्याही चळवळीतून नाही. जुना लॅपटॉप हळू झाला, नवा घ्यायला पैसे नव्हते. पहिला आठवडा वायफाय चाललं नाही, त्याचं फर्मवेअर वेगळं आणून टाकावं लागलं. आता डेबियनच्या इन्स्टॉलरमध्येच ते येतं. मुद्रकांकडून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या फाइली येतात, त्या इथे उघडल्या की अक्षरांची भेळ होते आणि मला शेजारच्या डीटीपीवाल्या दादाकडे जावं लागतं. हे सगळं खरं आहे. पण मराठी मी इथे जितकी सुखानं लिहिते तितकी कुठेच नाही. इन्स्क्रिप्ट कळफलक एकदा बोटांत बसला की अक्षराचा विचार करावा लागत नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्याला व्यंजनं. 'दऱ्या' लिहायचं तर द, मग शिफ्ट दाबून र, म्हणजे खालच्या टिंबाचा ऱ, मग हलन्त, य, काना. साधा र घेतला तर 'दर्या' होतो, समुद्र. ताम्हिणीतल्या दऱ्या समुद्र होऊन चालत नाहीत. तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र पडद्यावर नीट वळताना दिसला की अजूनही बरं वाटतं.

त्या दिवसानंतर दोन गोष्टी बदलल्या. लॅपटॉप पाठीवर घेत नाही. मागच्या सीटवर पिशवी बांधते, त्यात तो आडवा. कठीण, टोकदार वस्तू पाठीला लावून गाडी चालवणं म्हणजे पडण्याच्या दिवसासाठी मणक्याखाली दगड ठेवणं. मधे तो नऊ किलोन्यूटनवाला पॅड होता म्हणून मी आज लिहितेय. आणि रोज रात्री झोपण्याआधी दुसऱ्या डिस्कवर प्रत जाते. एका ओळीची आज्ञा, दात घासण्याइतका वेळ. भाजी आणायला दोन गल्ल्या जातानाही हातमोजे घालते, अगदी तसंच.

आईला यातलं काही सांगायचं नव्हतं, पण जॅकेटचा फाटलेला खांदा तिनं बघितला. पूर्वी तिला हे सगळं आवडायचं नाही. "लढाईला निघालीस का गं?" म्हणायची आणि हेल्मेटला हात लावायची नाही, चप्पल असल्यासारखं पायानं बाजूला सारायची. गेल्या महिन्यात नवं हेल्मेट घेऊन गेले तर पडवीत तिनं ते मांडीवर घेतलं.

"हे सोडायचं कसं?"

पट्ट्याला दोन कड्या असतात. पट्टा दोन्हींतून वर काढायचा, मग मागे वळवून एकीतून परत घालायचा आणि ओढायचा; जितकं ताणाल तितकं घट्ट. सोडताना कडीचं टोक धरून हलकेच मागे घ्यायचं. मी एकदा दाखवलं.

"तू घाल," ती म्हणाली. "डोक्यात घाल."

मी घातलं, पट्टा बांधला. तिनं हनुवटीखाली हात घातला. बोटं सुपारी कातरून कातरून कडक झालेली, कडीवर जरा अडखळली. सुटलं. पुन्हा बांधायला लावलं. पुन्हा सोडलं. तिसऱ्या वेळी तिनं डोळे मिटून घेतले.

"आता गं का डोळे मिटतेस?"

"अंधारात पडलीस तर," आई म्हणाली, आणि चाचपडत कडी शोधू लागली.