घाईच्या तलवारीस अनावृत पत्र

एक्सकॅलिबर टू हिस,

स. न. वि. वि.

तुझा पत्ता सोपा आहे, वेळ अवघड. ‘फायनल फँटसी नाइन’ नव्यानं सुरू करायचा, मजल दरमजल करत शेवटच्या टप्प्यावरच्या मेमोरियात यायचं, लिच नावाच्या राक्षसाला आडवं करायचं आणि त्याच जागी उजवीकडच्या खांबापाशी शोधायचं. घड्याळात १२ तास पुरे व्हायच्या आत आलात तर तू हाती लागतेस. त्यानंतर आलात तर खांब असतो, तू नसतेस. मेनूच्या कोपऱ्यात खेळाचा वेळ पहिल्यापासून दिसत असतो; तो कशाचा हिशेब ठेवतोय, हे मात्र वाटेत कुणी सांगत नाही. रमतगमत खेळणाऱ्याचे चाळीस-पन्नास तास सहज जातात. म्हणजे बहुतेक खेळाडू तू असल्याचं कळायच्या आधीच तुला मुकलेले असतात.

हा गेम ‘स्क्वेअर’नं जुलै २००० मध्ये जपानात प्लेस्टेशनसाठी आणला. चार सीडींचा ऐवज. दिग्दर्शक हिरोयुकी इतो. याच माणसानं १९९१ च्या चौथ्या भागासाठी लढाईची ती प्रसिद्ध पद्धत घडवली, जिच्यात तुम्ही विचार करत बसलात तरी शत्रू आपला वार करून मोकळा होतो. घड्याळाशी त्यांचं सख्य तेव्हापासूनचं. पण लढाईतला काळ वेगळा आणि अख्ख्या कथेवर लावलेला काळ वेगळा. माझी तक्रार आहे ती दुसऱ्याबद्दल.

कारण हा गेम सगळा रेंगाळण्यासाठी बांधलेला आहे. सुरुवातीलाच अलेक्झांड्रिया शहरात छोटा विवी नाटकाचं तिकीट हातात घट्ट धरून फिरतो. (ते तिकीट खोटं निघतं.) गल्लीत मुली दोरीवरच्या उड्या मारत असतात, विवीला त्यांच्यात सामील करून हजार उड्या पुऱ्या करता येतात. रस्त्यात कुणालाही गाठून पत्त्यांचा डाव मांडता येतो. पुढे चोकोबो पक्षी चोचीनं जमीन उकरून खजिन्याचे नकाशे काढतो. मूगल नावाचे गोंडस जीव एकमेकांना पत्रं लिहितात आणि ती पोचवायचं काम आपल्याकडे देतात. गावात आलं की मंडळी पांगतात, आणि कोण कुठे काय करतंय हे एक कळ दाबून पाहता येतं. हे कुठलंच सक्तीचं नाही. म्हणूनच ते गोड लागतं.

तुझ्यासाठी निघालेल्याला यातलं काहीही परवडत नाही. तो मुलींकडे पाहत नाही, पत्रं घेत नाही, पांगलेल्या माणसांची विचारपूस करत नाही. राजवाड्यात स्टायनरला आपले शिपाई गोळा करायचा हुकूम असतो. सगळे सापडले तर बक्षीस मिळतं. गंमत बघ, तू ज्याच्या हाती जाणार तो हाच स्टायनर. चिलखताचा खणखणाट करत चालणारा, नियमाला धरून राहणारा, डोक्यात प्रकाश जरा उशिरा पडणारा. आणि त्याची सर्वांत जबर तलवार मिळवायची तर त्याच्या शिपायांना वाऱ्यावर सोडून पळायचं.

सगळ्यांत खटकते ती तिसऱ्या सीडीवरची गोष्ट. राजकन्या गार्नेटची आई गेलेली, पाठोपाठ तिचं शहर उद्ध्वस्त झालेलं. तिची वाचा जाते. पुढचा बराच काळ ती एक शब्द बोलत नाही, आणि हे दुःख गेम नुसतं संवादात ठेवत नाही. लढाईत तिची पट्टी भरते, आपण आज्ञा देतो, आणि ती नुसती उभी राहते. पडद्यावर ओळ येते की तिचं चित्त थाऱ्यावर नाही. पहिल्यांदा खेळताना तिथे गलबलतं. वाया गेलेल्या त्या खेपेचा राग येत नाही, उलट तिला पुढच्या वारापासून सांभाळून घ्यावंसं वाटतं. तुझ्या मागे लागलेला माणूस त्याच ओळीकडे बघून चरफडतो, कारण त्याचे सेकंद गेले. मग आईच्या थडग्यापाशी ती आपले लांब केस कट्यारीनं कापते आणि तिला पुन्हा बोलता येतं, तो प्रसंग चित्रफितीत आहे. आणि जुन्या प्लेस्टेशनवर चित्रफीत सुरू असताना सीडीचं झाकण उघडलं की ती मधेच तुटून खेळ पुढे सरकतो. तुझ्यासाठी धावणाऱ्यांमध्ये ही युक्ती सर्रास चालते.

आता विवीकडे वळतो, कारण वेळेचा विषय निघाल्यावर त्याला वगळून चालणार नाही. त्याच्यासारखे काळे जादूगार कारखान्यात बनवलेले. जंगलात त्यांचं एक गाव आहे आणि तिथे एकेक जण कसलाही आजार नसताना अचानक ‘थांबतो’. मागे राहिलेले त्याला पुरतात, त्याचं काय झालं ते नीटसं न कळताही. जेमतेम वर्षभराचं आयुष्य मोजून दिलेलं, आणि ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही. विवीला हे कळतं तेव्हा तो पळापळ करत नाही. आपल्याला किती वेळ उरलाय यापेक्षा तो कसा घालवायचा, हे त्याला महत्त्वाचं वाटतं. ज्या कथेनं हे सांगायला चार सीडी घेतल्या, तिनंच आपलं सर्वांत भारी बक्षीस न सांगितलेल्या मुदतीपाशी बांधून ठेवावं? हे विवीचं म्हणणं खोडून काढणं झालं, की त्याचीच परिस्थिती खेळाडूवर आणणं झालं? मला दुसरं खरं वाटतं. तरी पहिल्याचा संशय जात नाही.

बरं, बक्षीस तरी केवढं? आकड्यांत बोलू. तुझा मारा १०८. नुसत्या एक्सकॅलिबरचा ७७. चोकोबोच्या नकाशांवरून शोधून काढता येणाऱ्या रॅग्नारॉकचा ८७. तू सगळ्यांना मागे टाकतेस यात वाद नाही. पण या गेममध्ये एका वारानं ९९९९ च्या वर नुकसान होतच नाही. चांगली लेव्हल गाठलेला स्टायनर रॅग्नारॉक घेऊनही आपल्या ‘शॉक’ या वारानं तो आकडा गाठतो. म्हणजे निवांत खेळून आलेल्याला तुझी गरज नाही. गरज असते ती धावत आलेल्याला, कारण लढाया टाळून त्याची माणसं अशक्त राहिलेली असतात. तू भेटतेसही अशा ठिकाणी की पुढे मोजक्याच लढाया उरतात. तुझ्यासाठी जे गमावलं त्याचीच थोडी भरपाई तू करतेस.

तुझ्याबद्दल पत्र लिहिणारा मी पहिला नाही, हे मला माहीत आहे. तुझ्यासोबत एक चिठ्ठी सापडते. एन्किडूनं आपला सोबती गिल्गमेश याला लिहिलेली. मजकूर साधारण असा, की तलवारी दोन होत्या, तू सांगितल्याप्रमाणे एक्सकॅलिबर घेतली. दुसरी जुनी, मळलेली होती, ती तिथेच टाकली. ही दोन नावं मुळात मेसोपोटेमियाच्या महाकाव्यातली. तिथला गिल्गमेश अमरत्व शोधायला निघतो आणि रिकाम्या हातानं परततो. इथला चार हातांचा, तलवारींचा हावरा, आणि दागेरेओ नावाच्या ठिकाणी बसून इतरांना खजिनाशोधाच्या पायऱ्या वाटणारा. एवढ्या जाणकाराचा माणूस तुझ्यापाशी आला, तुला पाहिलं आणि टाकून गेला. त्या चिठ्ठीत इतोंच्या मंडळींनी डोळा मिचकावलाय असं मला वाटतं. ज्याच्यापाशी वेळच वेळ होता त्यानं तुला ओळखलं नाही.

इथे माझ्या तक्रारीची धार थोडी बोथट होते. कारण ओळखलं कुणी? धावणाऱ्यानं. आणि तो धावू शकला कशाच्या जोरावर? कोणत्या दारामागे काय आहे, कुठला बॉस कशाला भितो, कोणती पेटी वळसा घेऊन उघडण्याच्या लायकीची आहे आणि कोणती सोडायची, हे सगळं मुखोद्गत असल्याशिवाय हे जमत नाही. शिवाय तुझ्या घड्याळात एक सवलत आहे. सेव्ह केलेल्या जागेवरून पुन्हा सुरू केलं की घड्याळही तिथलंच मिळतं. फसलेला प्रयत्न हिशेबात धरत नाहीत. म्हणून धावणारा एकेक टप्पा पुन्हा पुन्हा खेळतो, चांगला साधला तोच ठेवतो. मैफल दोन तासांची असते, रियाजाचे तास कुणी मोजत नाही. तुझे १२ तास त्या मैफलीसारखे आहेत. ज्यानं ते गाठले, त्यानं कधीतरी गार्नेटच्या मौनापाशी थांबून झालेलं असतं.

२०१६ साली हा गेम फोनवर आणि संगणकावर आला तेव्हा सोबत खेळ भरधाव पळवायची सोय आली, वाटेतल्या लढाया बंद करायचीही सोय आली. गेममधले सगळे दुप्पट-चौपट पळतात, घड्याळ मात्र आपल्या चालीनं चालतं. त्यामुळे तू आता आवाक्यात आलीस. याचं मला वाईट वाटत नाही; नोकरी-घर सांभाळून लोकलमध्ये खेळणाऱ्यांनीही तुला हातात घ्यावं. फक्त यातून एक नवाच प्रकार सुरू झाला. पहिल्यांदा खेळणारा माणूस आधी तुझा पत्ता वाचतो आणि मग गेम सुरू करतो. त्याला तू मिळतेस. पण जी ओळख पूर्वी तुझ्यापर्यंत पोचवायची, ती त्याची झालेली नसते, आणि तू भेटल्यावर ती करून घ्यायला तो मागे फिरत नाही.

म्हणून कुणी विचारलं तर माझा सल्ला ठरलेला आहे. पहिल्या खेपेला कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहू नका. पत्रं पोचवा, बेडूक पकडा, दोरीवरच्या उड्या मारा, स्टायनरला रॅग्नारॉक द्या आणि शेवट बघा. पुन्हा सुरू करावासा वाटला, तर मग १२ तासांचा हिशेब मांडा. हा गेम आवडलेल्या माणसानं त्याला दिलेली ती दाद आहे, आणि तिथे झाकण उघडून गार्नेटचा प्रसंग तोडला तरी माझी हरकत नाही. तो तुम्हाला पाठ असेल.

तुझी अट मला आता मान्य आहे, तिच्यात एक पोटकलम घालून. उशिरा येणाऱ्याला तू मिळत नाहीस, ते ठीकच. पहिल्यांदाच येणाऱ्यालाही मिळू नयेस, एवढंच माझं म्हणणं आहे.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
एक रेंगाळणारा खेळाडू